गादी, रेक्झिन आणि शिलाई मशीन

मराठी विभागात कविता, ट्रेकची वर्णनं आणि होस्टेलच्या आठवणी यांची कधीच टंचाई नसते. म्हणून यंदा थोडा वेगळा विषय घेतलाय. सोफ्याची गादी, बाइकचं सीट, रिक्षाचं हूड, ताडपत्री, पाठीवरची सॅक असलं जाड आणि चिवट कापड शिवायला मशीन घ्यायचं असेल तर नेमकं काय बघून घ्यायचं?

तुम्ही म्हणाल, हा विषय इंजिनिअरिंग कॉलेजात कुठून आला? तर तो माझ्या रूम पार्टनरच्या मोठ्या भावाच्या फोनवरून आला. तालुक्याच्या गावी त्याचं सीट कव्हरचं छोटं दुकान आहे. माप घेणं, कापणं, बसवणं तो स्वतः करायचा आणि शिलाई बाहेरून करून आणायचा. मजुरीतला बराचसा पैसा तिकडेच जायचा. म्हणून कर्ज काढून स्वतःचं मशीन घ्यायचं त्याने ठरवलं. दुकानदाराने तीन मशीन दाखवली. एक बिडाचं जड अंब्रेला मशीन, त्याला छोटी मोटर लावलेली. दुसरं रेडिमेड कपड्यांच्या कारखान्यात असतं तसं हाय-स्पीड मशीन. तिसरं कंपाउंड फीडचं, सर्वांत महाग. तिन्ही 'हेवी ड्यूटी'! "तुम्ही दोघं मेकॅनिकलला आहात ना, मग सांगा कुठलं घेऊ," एवढंच त्याने विचारलं. आता व्हायव्हामध्ये आपण काहीही ठोकून देतो, पण इथे हप्ते तो भरणार होता. मशीन चुकलं तर ते कोपऱ्यात पडून राहील आणि हप्ते काही थांबणार नाहीत. मग वर्कशॉपमधले सर, गावातले एक गादीवाले कारागीर आणि टीओएमचं पुस्तक या तिघांना पिडून जे समजलं ते इथे मांडतोय.

आपण मेकॅनिकलवाले पहिला प्रश्न विचारतो तो मोटर किती एचपीची? कारागिरांनी हा प्रश्न ऐकून हसून सोडून दिला. त्यांचा पहिला प्रश्न होता, "वरचं कापड कोण ओढतंय?" सगळी मेख या प्रश्नातच आहे.

घरातलं साधं मशीन आठवा. सुईखाली पट्टी असते, पट्टीतल्या फटींतून खालचे दाते वर येतात, कापडाला मागे सरकवतात, खाली जातात, पुढे येतात, पुन्हा वर येतात. याला ड्रॉप फीड म्हणतात. कापडाच्या वर प्रेशर फूट नुसतं दाबून बसलेलं असतं. म्हणजे खालच्या थराला दाते ओढतात, वरच्या थराला फूट घासून मागे धरतं. वरचा थर पुढे जातो तो फक्त खालच्या थराशी असलेल्या घर्षणामुळे. शर्टाचं कापड पातळ, फूट गुळगुळीत, त्यामुळे काम भागतं. रेक्झिनची गोष्ट वेगळी. त्याचा वरचा पीव्हीसीचा थर लोखंडी फुटाला अक्षरशः चिकटतो. मधे फोम असेल तर तो दबतो आणि दोन थर एकमेकांवर सरकतात.

हे सरकणं दिसायला किती? समजा टाका ६ मिमीचा आहे आणि प्रत्येक टाक्याला वरचा थर फक्त ०.०५ मिमी मागे राहतो. डोळ्याला दिसणारच नाही. पण तीन जण बसतील अशा सोफ्याची शिलाई १.८ मीटर धरली तर टाके झाले ३००. ३०० गुणिले ०.०५ म्हणजे १५ मिमी. दोन्ही पट्ट्या सारख्या कापल्या होत्या आणि शेवटी एक पट्टी दीड सेंटीमीटर बाहेर आली! मग कारागीर काय करतो? वरचं कापड हाताने ढकलतो, मागून खालचं ओढतो. ओढलं की सुई वाकते, पट्टीवर आपटते आणि तुटते. किंवा शिलाईला सुरकुत्या पडतात आणि गिऱ्हाईक मजुरीतले पैसे कापतं. मोटर कितीही मोठी लावली तरी यातलं काहीच सुधारणार नाही, कारण दोष ताकदीचा नाहीच.

रेक्झिनसाठी टेफ्लॉनचं फूट मिळतं. त्याने घर्षण कमी होतं, पण वरच्या थराला ओढणारं कोणी नसतं ते नसतंच. घरगुती मशीनला लावायचं वॉकिंग फूटही मिळतं. त्याची एक दांडी सुईच्या स्क्रूवर टेकते आणि सुई वर-खाली होताना त्या फुटाला उचलते. चादरी, गोधडी, फार जाड नसलेल्या गादीच्या खोळी यांना ते छान चालतं. पण ते फूट स्वतः ओढत नाही, खालच्या दात्यांबरोबर नुसतं वाहत जातं. रोज रेक्झिन शिवायचं असेल तर त्याच्या भरवशावर धंदा मांडू नये.

वरून ओढणारं मशीन बघायचं असेल तर एसटी स्टँडबाहेर चप्पल-बॅगा दुरुस्त करणाऱ्यांकडे थोडा वेळ उभे राहा. त्यांच्या हातचाकाच्या उंच मशीनमध्ये खाली दातेच नसतात. वरचं छोटं फूटच कामाला पकडून सरकवतं. शिवाय ते फूट कुठल्याही दिशेला फिरवता येतं, त्यामुळे चप्पल न फिरवता शिलाई वळते. सिंगरचं '२९ के' हे या जातीचं जगभर गाजलेलं मशीन. चप्पल, बॅगेचा कोपरा, बुटाची फाटलेली बाजू यांना त्याला तोड नाही. मात्र सरळ दोन मीटर शिवायला ते फार हळू आणि त्याची बॉबिनही लहान.

आता तिसरं मशीन, कंपाउंड फीड. कोणी याला युनिसन फीडही म्हणतं. यात दोन फूट असतात, आतलं आणि बाहेरचं. सुई कापडात उतरते. मग सुई, आतलं फूट आणि खालचे दाते हे तिघेही एकत्र मागे सरकतात. सुई सगळ्या थरांतून आरपार गेलेली असते, त्यामुळे खिळा ठोकलेल्या फळ्यांसारखे सगळे थर एकदम हलतात. तेवढा वेळ बाहेरचं फूट वर उचललेलं असतं. मग बाहेरचं फूट खाली येऊन काम धरून ठेवतं, आणि सुई व आतलं फूट वर उठून पुढच्या टाक्यासाठी पुढे येतात. माणूस दोन पायांवर चालतो तसंच. टीओएमला फोर-बार मेकॅनिझम रटताना याचा उपयोग काय असं वाटतं ना? या मशीनचं मागचं झाकण उघडून बघा. एकाच मेन शाफ्टवरून तीन हालचाली निघतात, आणि तिन्ही बरोबर वेळेत. मी तर अर्धा तास नुसतं हातचाक फिरवत बसलो होतो.

(नुसतं 'वॉकिंग फूट' लिहिलं असेल तर विचारून घ्या. काही मशीनमध्ये फूट आणि दाते चालतात, पण सुई जागेवरच वर-खाली होते. तेही बरंच काम करतं, पण जाड थर आणि लांब टाक्याला कंपाउंड सरस.)

प्रत्यक्ष आकड्यांत फरक बघा. जुकी कंपनीचं डीडीएल-८७०० हे कपड्यांच्या कारखान्यातलं सर्रास दिसणारं मशीन. मिनिटाला ५५०० टाक्यांपर्यंत वेग, पण साध्या मॉडेलचा टाका जास्तीत जास्त ४ मिमी आणि हाताने फूट उचललं तर साधारण ५.५ मिमी. त्याच कंपनीचं कंपाउंड फीडचं डीएनयू-१५४१ बघा. वेग निम्म्याहून कमी, २५००. पण टाका ९ मिमीपर्यंत, फूट हाताने ९ मिमी आणि गुडघ्याने पट्टी दाबली तर १६ मिमी उचलतं. ही जाहिरात नाही. याच घडणीची इतर कंपन्यांची मशीन आहेत आणि युरोपात फाफ, ड्यूर्कोप अॅडलर यांची नावं या कामासाठीच घेतली जातात. मुद्दा एवढाच की ५५०० हा आकडा मोठा असला तरी तो आपल्या कामाचा नाही.

फूट किती उचलतं याला एवढं महत्त्व का? सोफ्याच्या कडेला पायपिंग असते. दोन बाजूंचं रेक्झिन दोन थर, मधे पायपिंगच्या पट्टीचे दोन थर. एक मिमीचं रेक्झिन धरलं तरी ४ मिमी झाले. कोपऱ्यावर किंवा पट्टीच्या जोडावर हेच थर दुप्पट होतात. म्हणजे ८ मिमी, दबल्यावर थोडे कमी. साडेपाच मिमी उचलणाऱ्या फुटाखाली ते जाणार कसे? नुसतं आत कोंबून भागत नाही, कोपऱ्यावर काम वळवायलाही जागा लागते.

आता सुई-दोरा. बरेच जण मशीन घेताना याचा विचारच करत नाहीत. दोऱ्याची जाडी टेक्समध्ये मोजतात. १००० मीटर दोऱ्याचं वजन जितके ग्रॅम तितका टेक्स. आपल्याकडे रिळावर टिकिट नंबर असतो आणि तो उलटा चालतो, नंबर मोठा तर दोरा बारीक. साधारण हिशोब असा की ३००० ला टिकिट नंबरने भागलं की टेक्स येतो. १२० नंबरचा शर्टाचा दोरा २५ टेक्सच्या आसपास, ४० नंबरचा ७५ च्या आसपास, २० नंबरचा दीडशेपर्यंत. सोफा आणि सीटच्या शिलाईला ७० ते १३५ टेक्सचा दोरा लागतो. दोरा जाड तर सुई जाड, कारण सुईच्या अंगावर जी खाच असते तिच्यात दोरा लपला पाहिजे. नाही लपला तर तो कापडाला घासून पिंजतो. ७० टेक्सला १०० ते ११० नंबरची सुई, ९० ला ११० ते १२०, १३५ ला १२५ ते १४०. हा नंबर म्हणजे मिमीच्या शंभराव्या भागात सुईचा व्यास. घरगुती मशीनला साधारण ११० नंबरपर्यंतची सुई बसते. म्हणजे घरगुती मशीनची हद्द कुठे संपते ते इथेच समजतं.

जाड सुईचा अजून एक फायदा आहे. सुई म्हणजे एका टोकाला पकडलेला कँटिलिव्हर. एसओएममध्ये शिकलोय, गोल दांड्याचा ताठरपणा व्यासाच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतो. ९० ची सुई काढून १४० ची लावली तर १.४ भागिले ०.९, त्याचा चौथा घात, म्हणजे जवळजवळ ५.९. सुईला खाच असल्यामुळे आकडा तंतोतंत येणार नाही, पण पाच-सहा पट ताठ झाली हे नक्की. सुई ताठ असणं गरजेचं का? टाका पडतो तो असा : सुई तळाला जाऊन दोन-अडीच मिमी वर येते, तेवढ्यात तिच्यामागे दोऱ्याचा छोटा फास सुटतो आणि हुकाचं टोक त्या फासात घुसतं. सुई जराशी वाकली तर हुक आणि फास यांची चुकामूक होते आणि टाका सुटतो. शिलाईत मधेच लांब टाका दिसला तर तो याचाच असतो बहुधा.

यात एक मेख आहे. ९० वरून १४० वर गेलो की सुईची त्रिज्या पाव मिमीने वाढते. हुक पूर्वीच्या सुईसाठी लावलेला असेल तर तो आता सुईला घासणार. म्हणून सुईत मोठा बदल केला की हुकाचं अंतर कारागिराकडून तपासून घ्यावं. आणि हो, सुयांच्या जाती वेगळ्या असतात. घरगुती सुईची मान एका बाजूने चपटी, कारखान्याच्या मशीनची गोल. डीडीएलसारख्या मशीनला डीबी × १ आणि कंपाउंडला १३५ × १७. एकीची दुसऱ्यात बसवायची धडपड करू नये.

रिक्षाचं हूड, ताडपत्री, गॅलरीतल्या गाद्या असं उन्हातलं काम असेल तर पॉलिस्टरचा दोरा घ्या. नायलॉन मजबूत आणि लवचिक असतो, पण उन्हात लवकर कुजतो. कापड धड आणि शिलाई मात्र उसवलेली, असं हूड दिसलं तर बहुतेक वेळा दोऱ्याची निवड चुकलेली असते.

टाका लहान केला की शिलाई मजबूत होते हा आणखी एक गैरसमज. सुती कापडाच्या बाबतीत ठीक आहे. रेक्झिन आणि चामड्यात सुईने पाडलेलं भोक कायम राहतं. दोन-दोन मिमीवर भोकं पाडली तर आपण पोस्टाच्या तिकिटाची कड तयार केली, तिथूनच फाटणार. म्हणून ४ ते ६ मिमीचा टाका.

आता एकदाचं मोटरकडे येऊ. कपड्याचं मशीन सुसाट चालतं, त्यामुळे मधे जाड जोड आला तरी चाकात साठलेल्या ऊर्जेवर ते पार होतं. फ्लायव्हीलची ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे असते. गादीचं काम मात्र हळूच करावं लागतं. वेग पाचवा हिस्सा केला की ऊर्जा पंचविसावा हिस्सा उरते. नेमकं कोपऱ्यावर, सावकाश जाताना, आठ थर समोर आले की मशीन गुरगुरतं आणि अडतं. म्हणजे आपल्याला कमी वेगाला टॉर्क हवाय, एचपीचा आकडा त्यानंतर.

जुन्या पद्धतीची क्लच मोटर सतत फिरत असते आणि पेडल दाबलं की क्लच लागून मशीन चालतं. तिला हळू चालवायला सराव लागतो. नवख्याच्या पायाखाली मशीन एकदम पळतं आणि सुई कामाबरोबर बोटावरही चालू शकते. यावर स्वस्त उपाय पुलीचा. १४४० आरपीएमची मोटर, तिच्यावर ४५ मिमीची पुली आणि मशीनवर १२० मिमीची, म्हणजे मिनिटाला ५४० टाके. ६ मिमीच्या टाक्याने मिनिटाला सव्वातीन मीटर शिलाई झाली, आणि घर्षण सोडलं तर टॉर्क अडीच पटीहून जास्त वाढला. ५५०० च्या मशीनपुढे हे कासव वाटेल, पण सीट कव्हरच्या कामात निम्मा वेळ काम वळवण्यातच जातो. शिवाय फार वेगाने शिवलं तर सुई तापते आणि रेक्झिन व सिंथेटिक दोरा वितळायला लागतो.

नवीन घ्यायचं असेल तर सर्वो मोटर घ्यावी असं माझं मत. पेडल दाबेपर्यंत ती फिरतच नाही, म्हणजे वीज वाचते आणि आवाज नाही. एकेक टाका टाकता येतो. फक्त स्वस्तातल्या काही सर्वो अगदी कमी वेगाला दम टाकतात, म्हणून जाड जोडावर चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

भावाला आम्ही शेवटी एवढंच सांगितलं की दुकानात हात हलवत जाऊ नको. स्वतःचं रेक्झिन, फोम, पायपिंग आणि दोरा घेऊन जा. दुकानदार स्वतःच्या कडक सुती कापडावर शिवून दाखवतात, त्यावर कुठलंही मशीन चांगलंच दिसतं. एक-एक मीटरच्या दोन सारख्या पट्ट्या कापून, न ओढता, फक्त दिशा देत शिव आणि शेवटी टोकं जुळतात का बघ. मग चार थरांवरून आठ थरांवर आणि परत खाली असा चढ-उतार करून सगळ्यात कमी वेगाला चालव. उलट टाका त्याच भोकांत पडतो का ते पाहा. कापड उलटं करून खालच्या बाजूला दोऱ्याच्या गाठी दिसतात का तेही बघ. त्याने तिन्ही मशीनवर हे केलं. हाय-स्पीडवर पट्ट्या जवळजवळ बोटभर पुढेमागे झाल्या. अंब्रेलावर त्याहून थोडं कमी, पण आठ थरांवर मोटर थांबली आणि चाकाला हात लावावा लागला. कंपाउंडवर टोकं जुळली. नवीन कंपाउंड परवडत नव्हतं, म्हणून त्याने जुनं घेतलं आणि त्याला नवीन सर्वो बसवली. हप्ता ठरवलेल्याच्या आत बसला.

म्हणजे बाकीची मशीन वाईट असं नाही. पडदे, उशांचे अभ्रे, सुती गाद्यांच्या खोळी एवढंच काम असेल तर कंपाउंडमध्ये पैसे घालण्याची गरज नाही, अंब्रेलासारखं मशीन वर्षानुवर्षं चालेल आणि त्याचे पार्ट कुठेही मिळतात. सॅक किंवा बॅगांचं काम जास्त असेल तर सिलिंडर आर्म लागतो, कारण सपाट टेबलावर बंद बॅगेची शिलाई घालता येत नाही. ताडपत्री, तंबू असेल तर सुईच्या उजवीकडे गुंडाळी मावेल एवढा लांब हात आहे का बघावं.

जुनं मशीन घेताना हातचाक धरून मागेपुढे हलवून बघा. सुई हलायच्या आधी चाक बरंच फिरत असेल तर बेअरिंग आणि जोड झिजलेत. हुकाच्या टोकावरून नख फिरवा, खरखर लागली तर दोरा तुटत राहणार. आणि बॉबिन मोठी आहे का बघा. हिशोब सोपा आहे : दोन्ही थरांची मिळून जाडी ४ मिमी आणि टाका ५ मिमी असेल तर प्रत्येक टाक्याला खालचा दोरा ५ + ४ म्हणजे ९ मिमी लागतो. १० मीटर शिलाईला १८ मीटर दोरा. जाड दोरा छोट्या बॉबिनवर थोडाच मावतो आणि ती नेमकी सीटच्या मध्यावर संपते.

एक गोष्ट राहिली, आणि ती सीट कव्हर शिवणाऱ्या प्रत्येकाला सांगा. आता छोट्या गाड्यांच्याही सीटच्या कडेत साइड एअरबॅग येऊ लागल्या आहेत. सीटच्या बाजूला तसं लेबल असतं. अशा सीटवर चारी बाजूंनी १३५ टेक्सच्या दोऱ्याने घट्ट शिवलेलं कव्हर चढवलं तर अपघाताच्या वेळी एअरबॅगला बाहेर यायला वाटच राहत नाही. त्यासाठीच्या कव्हरमध्ये त्या ठिकाणची शिलाई मुद्दाम कमजोर, ठरलेल्या दोऱ्याने आणि ठरलेल्या टाक्याने घालतात, म्हणजे बॅग फुगली की ती उसवते. ते माप आणि चाचणी आपल्या दुकानात होणारी नाही. लेबल दिसलं तर ती बाजू पूर्ण उघडी ठेवणारं कव्हर शिवावं, नाहीतर गिऱ्हाइकाला सरळ नाही म्हणावं.